आक्कांचा डबा आणि एअर फ्रायरचा नारळ

बऱ्हाणपूर शहर, तापीचे दोन्ही काठ आणि थेट इच्छापूरपर्यंतच्या समस्त जनतेस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या घरातील लोखंडी कढई प्रदीर्घ सेवेनंतर निवृत्त झाली असून तिच्या जागी काळ्या रंगाचे, पोट सुटलेले एक यंत्र रुजू झाले आहे. सदर यंत्र वाऱ्यावर बटाटे तळते. नागरिकांनी घाबरून जाऊ नये. तेलवाल्यांनी शोकसभा घेऊ नये. कढईस कोणी हार घालू नये, ती अजून कोमट आहे.

हे निवेदन मी मनातल्या मनात इतक्या वेळा वाचलं की शेवटी मला स्वतःलाच ते खरं वाटू लागलं. प्रत्यक्षात ते यंत्र चार महिने आमच्या कपाटावर खोक्यातच बसून होतं. रुजू झालं होतं, पण काम सुरू केलं नव्हतं. सरकारी खात्यात असं चालतं, स्वयंपाकघरात चालत नाही.

त्याचं कारण आमचे हे. यांचं सगळं आयुष्य कागदाच्या मिलमध्ये मशीनवर गेलं. त्यांच्या आधी माझे सासरे त्याच मिलमध्ये होते. खानदेशातून पत्र्याची पेटी घेऊन आले आणि कागदाच्या लगद्यात रुतले ते रुतलेच. या घराण्यात माणसाच्या बारशाला उशीर झालेला चालतो, पण मशीन मुहूर्ताशिवाय चालू होत नाही. नवं मशीन लागलं की आधी हळदकुंकू, मग नारळ, मग बटण. आणि नारळ कुणी फोडायचा, तर वयानं सगळ्यात मोठं जे असेल त्यानं. मिलमध्ये तो मान सगळ्यात जुन्या कामगाराचा असे, घरात घरातल्या वडीलधाऱ्यांचा. आमच्याकडे मिक्सर असाच आला, वॉशिंग मशीन असंच आलं. पाण्याच्या फिल्टरलासुद्धा सासऱ्यांनी हार घातला होता. त्यातलं एक झेंडूचं पान पुढे दोन महिने पाण्यात दिसायचं.

मिलवाल्यांनी निरोप समारंभात यांना शाल दिली, श्रीफळ दिलं आणि हे एअर फ्रायर दिलं. हे रिटायर झाले, आम्ही मिलच्या कॉलनीतलं क्वार्टर सोडून बऱ्हाणपूरला इतवाऱ्याजवळ राहायला आलो. मी म्हटलं, "काढा की आता खाली ते यंत्र."

"असं कसं? आता घरात मोठं कोण आहे?" हे म्हणाले.

सासरे, सासूबाई केव्हाच गेले. मोठ्या म्हणजे यांच्या थोरल्या बहीण, आमच्या आक्का. त्या इच्छापूरजवळ केळीच्या मळ्यावर असतात. नारळ फोडायला त्या यायला हव्या होत्या. आणि आक्का आमच्या घरी येतात, राहतात, रागावतात, माया करतात, पण गेली सत्तावीस वर्षं आमच्याकडे अन्नाचा कण खात नाहीत.

हे असं का, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. गुन्हा माझा आहे, किंवा शब्दकोशाचा. तुम्हीच ठरवा.

माझं माहेर खंडव्याचं. घरात मराठी, पण शाळा पहिलीपासून बारावीपर्यंत हिंदी. लग्नाला महिना झाला नव्हता, तेव्हा कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये यांचे दोन मामा जेवायला यायचे होते. बेत भरलेल्या बटाट्यांचा. तो आक्कांचा प्रांत. पोटं कोरलेले बटाटे, त्यात शेंगदाण्याचं कूट, खोबरं, तीळ, लसूण आणि काळा मसाला ठासून भरायचा आणि मग पसरट भांड्यात तेल टाकून, झाकण लावून, बारीक आचेवर शिजवायचं. पहिला घाणा चुलीवर झाकून ठेवलेला, दुसऱ्यासाठी मी चाकूच्या टोकानं बटाटे कोरत होते. आक्का मागच्या दाराशी कोथिंबीर निवडत बसल्या होत्या आणि तिथून माझ्यावर लक्ष ठेवून होत्या.

"खोल कर," आक्का म्हणाल्या.

आता मराठी माणसाला 'खोल कर' म्हटलं की खड्डा दिसतो. बारा वर्षं हिंदी शाळेत गेलेल्या मुलीला 'खोलकर' म्हटलं की दार दिसतं. मी जाऊन भांड्यावरचं झाकण काढलं.

"अगं, खोल कर."

झाकण तर काढलेलंच होतं. मला वाटलं, धूर झालाय. मी खिडकी उघडली.

"अजून खोल कर, बाई."

आता राहिलं होतं मागचं दार. ते अर्धं लोटलेलं होतं. मी आज्ञाधारक सून. ते सताड उघडलं. त्या दारातून शेजाऱ्यांची बकरी आत आली आणि तिनं आक्कांच्या मांडीवरच्या सुपातली कोथिंबीर खायला सुरुवात केली.

बटाट्यांची वाफ गेली ती गेलीच. मामा जेवायला बसले तेव्हा वरून खमंग आणि आतून कच्चे असे ते बटाटे पानात पडले. थोरल्या मामांनी चावा घेतला, त्याचा आवाज पुढच्या खोलीपर्यंत ऐकू आला. मामा भले होते. म्हणाले, "काकडी छान आहे."

त्या दिवशी मी आक्कांना रडत रडत सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ते अजिबात मान्य केलं नाही. "बारावी शिकलेली बाई, आणि तिला खोल कळत नाही? दार उघडतात. झाकण काढतात. खोल असते विहीर. मराठीत कुणी दार खोलत नाही. हिनं मुद्दाम अंगावर बकरी सोडली." आणि मग तो निकाल लागला, ज्यावर आजतागायत अपील झालेलं नाही. "या घरात पाणी पिईन, चहा पिईन. हिच्या हातचं अन्न माझ्या तोंडात जायचं नाही."

भांडण असतं तर मिटलं असतं. हे भांडण नव्हतं, नियम होता. आक्का माझ्या बाळंतपणाला आल्या, मला डिंकाचे लाडू भरवले आणि स्वतःचा डबा उघडून जेवल्या. दिवाळीला आल्या, पडद्यांचं कौतुक केलं आणि डबा उघडला. पितळी कडीचा, तीन पुडांचा तो डबा आमच्या घरात माझ्यापेक्षा जास्त मानानं वावरतो. त्याला टेबलावर कायमची जागा आहे. मला कोणी विचारलं की तुला आयुष्यात काय हवं, तर मी चारधाम म्हणणार नाही, इंदूरला फ्लॅट म्हणणार नाही. तो डबा एकदा न उघडता इच्छापूरला परत जावा, एवढंच मला हवं होतं.

तर यांनी आक्कांना फोन लावला. "आक्का, मशीन आलंय. नारळ तुलाच फोडायचाय."

"काय करतं मशीन?"

"बटाटे तळतं. बिनतेलाचे."

आक्कांनी पुढे एकही प्रश्न विचारला नाही. लगेच म्हणाल्या, "रविवारी येते."

त्या घाईचा अर्थ मला नंतर कळला. आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी आक्कांचं तळण बंद केलं होतं. डॉक्टर एकदाच बोलून मोकळे झाले. पण आक्कांच्या सूनबाई फार आज्ञाधारक. आज्ञाधारक सुना या कुटुंबाला काही मानवत नाहीत. त्यांनी घरातली कढई माळ्यावर टाकली आणि सासूबाईंना रोज दुधी सुरू केला. भरलेल्या बटाट्यांची सम्राज्ञी आठ महिने दुधीवर होती.

रविवारी सकाळी आक्का एसटीनं नव्हे, मळ्यातून केळी घेऊन निघालेल्या टेम्पोत बसून आल्या. सत्तरी ओलांडलेली, पण उतरल्या त्या एका हातात केळ्यांची फणी आणि दुसऱ्या हातात डबा घेऊन. यांनी यंत्र टेबलावर मांडलंच होतं. आक्कांनी डबा त्याच्या शेजारी ठेवला. निवडणुकीतले दोन उमेदवार एकाच मंचावर बसवावेत तसं ते दृश्य होतं. डब्यातून दुधीचा वास येत होता.

आमची मुलगी इंदूरला कॉलेजात शिकते, ती खास यासाठी आली होती. "आत्या, एकदम हेल्दी आहे. तेल बस नाम के लिए."

"किती तेल?"

मी चमचा दाखवला.

"एवढ्या तेलात तर देवापुढची वात भिजत नाही," आक्का म्हणाल्या आणि स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या.

मी बटाटे अर्धवट उकडून, सोलून ठेवले होते. छोटा चमचा घेतला आणि कोरायला लागले. हे उगाच रुमालानं यंत्र पुसत होते. मुलगी मोबाईलवर भरवां आलूचा व्हिडिओ शोधत होती. आणि आक्का, सत्तावीस वर्षांनी, त्याच आवाजात म्हणाल्या, "खोल कर."

यांचा रुमाल थांबला. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. हा प्रसंग तिनं अंगाईसारखा ऐकलेला आहे. मी दाराकडे पाहिलं नाही, खिडकीकडे पाहिलं नाही. मान खाली घालून बटाटा खोल केला.

"अजून."

केला.

"अजून थोडा."

चमचा पलीकडून बाहेर आला. आक्कांनी तो बटाटा हातात घेऊन त्यातून माझ्याकडे पाहिलं. "हा बटाटा नाही राहिला, बांगडी झाली," त्या म्हणाल्या. पण तेवढ्यापुरत्या हसल्या. माझ्या हिशेबी तिथेच अर्धं अपील दाखल झालं होतं.

सात बटाटे भरून टोपलीत लावले. कोरलेलं तोंड वर, प्रत्येकाला तेलाचं बोट. टोपली यंत्रात सरकवली. आता पूजा.

हे आंघोळ करून मिलचा जुना खाकी शर्ट घालून आले. यंत्राला हार घातला. यंत्राचं पुढचं तोंड म्हणजे नुसती काळी काच. बटण असं कुठे नाही, बोट लावलं की चित्र पेटतं. हे मला माहीत होतं, यांना माहीत होतं, मुलीला माहीत होतं. आक्कांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि मशीनच्या छातीवर स्वस्तिक काढायचं असतं, हे आक्कांना कुणी सांगायची गरज नव्हती.

त्यांनी ओलं कुंकू बोटावर घेतलं आणि काचेवर पहिली रेघ ओढली. यंत्र म्हणालं, टूं.

आक्कांनी हात मागे घेतला. "बोललं."

"आशीर्वाद देतंय," हे म्हणाले. मिलमधली चाळीस वर्षांची श्रद्धा अशी एका क्षणात कामी येते.

दुसरी रेघ. टूं. तिसरी. टूं टूं. स्वस्तिक पूर्ण होऊन चार टिंबं देईपर्यंत यंत्रानं एक छोटं भजन म्हणून टाकलं. मग आतला पंखा घोंघावू लागला आणि काचेवर, कुंकवाच्या लाल रेघांच्या मधोमध, एक चित्र निळसर उजळलं. तो मासा होता.

आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. आक्कांच्या घरात तर मुळ्याकडेही संशयानं पाहतात.

"हे काय?" आक्का म्हणाल्या.

"आत्या, कुछ नहीं, तो फक्त मोड आहे."

"मोड? मटकीला येतात ते?"

"नाही, म्हणजे सेटिंग. मच्छीची."

मुलीला मी डोळ्यांनी दटावलं, पण ती प्रामाणिक निघाली. आमच्याकडे ते दोन पिढ्यांत पहिल्यांदाच झालं. यांनी फडकं उचललं. "थांब, पुसतो आणि परत लावतो."

"कुंकू पुसतोस?" आक्कांनी विचारलं.

फडकं हवेतच राहिलं. पूजेचं कुंकू पुसता येत नव्हतं, आणि कुंकू पुसल्याशिवाय मासा हलत नव्हता. आत बटाटे, बाहेर धर्मसंकट. हे यंत्राच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले, जसे मिलमध्ये बेअरिंग तापलं की उभे राहायचे. मी डब्याकडे पाहिलं. संपलं, मी मनात म्हटलं. आता कडी निघणार.

आक्का माशाकडे पाहत होत्या. एव्हाना फटींमधून वास यायला लागला होता. आधी लसूण, मग भाजलेलं खोबरं, मग काळा मसाला. आठ महिन्यांचा दुधी एका बाजूला आणि हा वास दुसऱ्या बाजूला. मोठमोठी धर्मपीठं अशाच वेळी निर्णय देतात.

"मत्स्य म्हणजे विष्णूचा पहिला अवतार," आक्का म्हणाल्या. "राहू दे. शुभच आहे. आण नारळ."

नारळ एका घावात फुटला. त्याचं पाणी यंत्रावर उडू नये म्हणून यांनी अंग मध्ये घातलं आणि शर्ट भिजवून घेतला. आक्का स्टूल ओढून यंत्रासमोर पहाऱ्यावर बसल्या.

थोड्या वेळानं मुलीच्या मोबाईलमधली बाई, जी इतका वेळ गोड आवाजात मसाले सांगत होती, ती म्हणाली, "अब फ्रायर को खोलकर आलू पलट दीजिए।"

तो शब्द टेबलावर येऊन पडला आणि सगळे त्याच्याकडे बघत राहिले. यांचा हात यंत्राच्या मुठीकडे गेला. आयुष्यभर पुस्तकात लिहिल्याप्रमाणे मशीन चालवलेला माणूस. सूचना आली की हात जातोच.

"नाही उघडायचं," मी म्हणाले.

"अगं, ती सांगतेय ना, खोलकर..."

"सांगू दे. तो शब्द मी एकदा ऐकलाय."

आक्कांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. सत्तावीस वर्षांत त्यांनी मला खूप प्रकारे पाहिलं आहे, पण हे पाहणं नवीन होतं. मग त्या मोबाईलकडे वळल्या. "पालथे केले तर सारण सांडेल, एवढं त्या बाईला कळत नाही का? काय शिकली असेल कोण जाणे."

मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी सिंकपाशी जाऊन एक धुतलेली वाटी परत धुतली. 'ती बाई' हे पद या घरात इतकी वर्षं माझ्याकडे होतं. ते मी विनातक्रार दुसऱ्या एका बाईकडे सोपवलं, जी बिचारी कुठल्या शहरात बसून बटाटे पलटत होती, देव जाणे.

यंत्र बंद झालं. यांनी टोपली ओढली. बटाट्यांची सालं काढलेली अंगं तांबूस, कडा कुरकुरीत, तोंडाशी मसाला उकळून जरा बाहेर आलेला. मत्स्यावतारानं ठरलेल्यापेक्षा जास्तच आच दिली होती, आणि तीच बरी पडली. कढईतले वाटावेत असे ते दिसत होते. कढई ओट्याखालून बघत असेल तर तिला वाईट वाटलं असेल, पण निवृत्तांनी मन मोठं करायला शिकावं, आमच्या यांच्यासारखं.

दोन बटाटे यांनी वाटीत काढून देवापुढे ठेवले आणि टोपली पुन्हा आत सरकवली, गरम राहावेत म्हणून. मशीनमधून पहिलं जे निघतं ते देवाचं. मिलमध्ये पहिल्या कागदाचा तुकडासुद्धा देवापुढे ठेवत. यांनी हा मुद्दा मला आधी सांगितला नव्हता. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर मला कळलं की माझ्या नवऱ्याला डोकं आहे.

वाटी आक्कांपुढे आली. "आक्का, प्रसाद."

प्रसादाला नाही म्हणता येत नाही. प्रसाद अन्न नसतो, कुणाच्या हातचा नसतो, त्यामुळे नियम मोडत नाही. आक्कांनी नखाएवढा तुकडा तोडला, डोळ्यांना लावला आणि तोंडात टाकला. मग हाताएवढा. मग उरलेला.

"प्रसाद वाटीत टाकून उठू नये," त्या कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाल्या आणि दुसरा घेतला.

आम्ही तिघं उभे राहून बघत होतो. कुणी एकमेकांकडे पाहिलं नाही, पाहिलं असतं तर बिघडलं असतं. दुसरा बटाटा संपला. आक्कांनी बोटं चाटली, वाटीच्या तळाचा मसाला पुसून घेतला. देवापुढची वाटी रिकामी झाली आणि त्याबरोबर देवाची मध्यस्थीही संपली. यंत्रात उरलेले पाच बटाटे प्रसाद नव्हते. ते माझ्या हातचं जेवण होतं. आणि टेबलावर, पितळी कडी चमकवत, डबा बसला होता.

आक्कांनी डब्याकडे पाहिलं. यंत्राकडे पाहिलं. परत डब्याकडे. पदरानं तोंड पुसलं, जेवण उरकल्यावर पुसतात तसं नाही, सुरू करण्याआधी पुसतात तसं.

आमची मुलगी लाडकी, पण तिला कुठे गप्प बसावं हे कळत नाही. ती पुढे झाली, डब्याच्या कडीला हात घातला आणि विचारलं, "आत्या, आता जेवता ना? डबा उघडू?"

मी तिला चिमटा काढायला हात पुढे केला, पण आक्कांचा हात आधी पोचला. त्यांनी डबा तिच्या हातून काढून घेतला, टेबलाच्या पार टोकाला सरकवला आणि ज्या बाईनं सत्तावीस वर्षं मला शिकवलं की मराठीत दार उघडतात, झाकण काढतात आणि खोल असते ती फक्त विहीर, ती बाई मोठ्यानं बोलून गेली:

"राहू दे गं तो डबा. आधी ते मशीन खोल."